काचेसारखा का दुधी

चिकलठाण्याच्या विमानतळावर दुपारी अडीचला
डांबर बुटाला चिकटतं.
अशा उन्हात मी पंखाच्या कडेवर हात फिरवत
बर्फ कुठंवर गेला होता ते शोधतोय.

बाबा जालन्याला बर्फाच्या कारखान्यात होते.
लाकडाचा भुस्सा, गोणपाट, मिठाचं पाणी,
आणि लादी उचलून सुन्न झालेली त्यांची बोटं.
ते सांगायचे, घाईत गोठला की बर्फ दुधी होतो,
हवा आत अडकून बसते.
सावकाश गोठला की काच.
काचेवर टोच्या मोडतो.
मला वाटलं, ही विद्या त्यांच्याबरोबरच निवृत्त झाली.

घनसावंगीच्या वर, बावीस हजार फुटांवर,
उणे दहातही पाणी पाणीच असतं.
पुस्तकात वाचूनही मला ते पटलं नव्हतं.
गोठायला तयार असतात सगळे थेंब,
पण पंगतीत पहिला घास कुणी घ्यायचा
म्हणून पानावर बसून राहावं, तसे थांबलेले.
एक कण लागतो, कशाचा तरी कोपरा.

आपलं विमान तेच घेऊन जातं.
पंखाला नळकांड्या, नळकांड्यांत चांदीचा क्षार,
ढगाला सांगायला की घे, यावर गोठ आणि पड खाली.
फक्त ढगाला कुणी सांगितलेलं नसतं
कण कुठला आणि पंख कुठला.

आज राजूरकर मॅडमनी चौदा नळकांड्या पेटवल्या.
जोगदंड रडारवरून सांगत होता, थोडं डावीकडे,
तिथं गाभा दाट आहे.
गाभा दाट होता.
आधी वायपरच्या दांडीला मिशी फुटली,
मग पंखाच्या कडेला रव्यासारखी पांढरी रांग.
रबर फुगवलं, पापुद्रे उडाले.
दोन हजार फूट खाली आल्या तर उणे पाच,
थेंब मोठे, आळशी,
आदळल्यावर लगेच न गोठता मागे वाहत गेले,
रबर संपतं त्याच्याही मागे,
आणि तिथं निवांत काच झाले.

भय वजनाचं एवढं नसतं.
पंख म्हणजे एक वळण, हवेला पटवून दिलेलं.
त्यावर खडेमिठाएवढा खरबरीतपणा आला
की हवा ऐकेनाशी होते.
मग वेग कमी करायचा नाही, फ्लॅप सोडायचे नाहीत,
शेपटीवर किती आहे ते कुणालाच दिसत नाही.
वेग सांगणारी नळी गरम असेल तोवर खरी;
गोठली की शेवटचं जे खरं बोलली
तेच बोलत राहते.
पंख्याच्या पात्यांवरून सुटलेले तुकडे
बाजूनं गारा पडाव्यात तसे पत्र्यावर वाजले,
मॅडम म्हणाल्या, आणि पाण्याची बाटली
एका दमात संपवली.

डाव्या अंगाला तीन पोचे, रुपयाएवढे.
शेपटीच्या सांध्यात एक तुकडा अजून अडकलेला,
पेरूच्या फोडीएवढा.
डब्याच्या झाकणात ठेवला आणि बाबांना फोन लावला.
"काचेसारखा का दुधी?"
खाली दुधी, वर काच.
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"दोन पाण्यांचा हाय मग.
असली लादी आम्ही गिऱ्हाइकाला देत नव्हतो, लेकरा.
जोडावर फुटती. कधी, ते सांगता येत नाही."
मग म्हणाले, "आत माणसं होती का?"
दोघं, मी म्हणालो.

घनसावंगीत अर्धा तास पडला. अंबडला नाही.
आमचाच होता का तसाही पडणार होता,
ते जोगदंडच्या रडारला कळत नाही,
तो उगीच पडद्याजवळ तोंड नेऊन बघत बसलाय.

झाकणात आता पाणी, तळाशी करडा गाळ.
वहीत लिहितो: डावी बाजू, पोचे तीन.
पुढं कारण असा रकाना आहे.
लिहितो, बर्फ.
घामानं शाई पसरते.
हँगरमधला नवा पोरगा खांद्यावरून वाचतो,
बाहेरच्या उन्हाकडे बघतो,
आणि विचारतो, "इथं?"